माल्टा: समुद्राच्या मधोमध आपली आटपाडी

आई-अण्णा यंदा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे फ्रँकफर्टला आले होते. मागच्या वेळी पॅरिस आणि स्वित्झर्लंड झालेलं, त्यामुळे आईने आल्या आल्या सांगून टाकलं की आता बर्फ नको, थंडी नको, मला समुद्र दाखव आणि गरम असू दे. अण्णांचं काही म्हणणं नव्हतं, ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना कुठेही न्या, ते तिथला पाणीपुरवठा बघत बसतात. मी भूमध्य समुद्रातलं माल्टा निवडलं ते खरं तर स्वस्त विमान आणि ऑक्टोबरमधलं ऊन बघून. जाऊन आल्यावर मात्र वाटतंय की या दोघांसाठी याच्यापेक्षा चांगली जागा मला सापडलीच नसती, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही तिघंच.

आधी थोडं कामाचं. माल्टा शेंगेनमध्ये आहे, आई-अण्णांचा जर्मनीचा व्हिसा तिथे चालला. युरो चालतो, इंग्रजी सगळ्यांना येतं, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने आणि प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, तो अडॅप्टर न विसरता घ्या. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान. त्यामुळे रोज हॉटेल बदलायची काही गरज नाही.

दिवस पहिला, शुक्रवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. विमान खाली यायला लागलं तशी आई खिडकीतून बघत म्हणाली, "अगं, हे तर आपलं माळरानच की!" आणि खरंच, आमच्या सांगलीकडच्या आटपाडीसारखं खाली सगळं पिवळं, खडकाळ, छोटी छोटी शेतं आणि त्यांना दगडी ताली. झाड म्हणाल तर कुठेतरी एखादं. अण्णांनी लगेच विचारलं, नदी कुठाय? मी म्हटलं अण्णा, इथे बारमाही नदीच नाही. तिथून पुढचे आठ दिवस त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं.

राहायला बिर्गू घेतलं होतं. राजधानी वालेटा समोरच्या किनाऱ्यावर दिसतं आणि मधे बंदर. बिर्गूचं दुसरं नाव विटोरिओसा, १५६५ साली तुर्कांनी वेढा घातला होता तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाचं, मुख्य ठाणं हेच होतं आणि वेढा उठल्यावर विजयाचं गाव म्हणून हे नाव पडलं. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरासमोरच्या बाल्कनीतून वाटी-चमचा देता येईल.

चूक एक झाली. जाहिरातीत पहिला मजला लिहिलेलं, मी निवांत होते, पण जिना निघाला दगडी, गोल फिरणारा, चौतीस पायऱ्यांचा. आईचे गुडघे दुखतात. दोन ठिकाणी टेकत टेकत वर गेली बिचारी आणि एक शब्द बोलली नाही, पण मला फार लागलं ते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जुन्या गावातलं घर घेताना जिन्याचा फोटो मागवून घ्याच.

घरमालकीण खालीच राहते, सत्तरीच्या पुढची, एकटी. भाऊ-बहीण सगळे ऑस्ट्रेलियात. तिने आईचा जिना चढतानाचा चेहरा बघितला असावा, कारण पंधरा मिनिटांत गरम पास्तित्सी घेऊन वर आली. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्याची खारी असते ना, तशा खुसखुशीत पारीत रिकोटा चीज किंवा मटारचं सारण. मटारवाली आईला इतकी आवडली की रोज सकाळी तीच. कोपऱ्यावरच्या दुकानात युरोच्या आत एक मिळते. कट्टर शाकाहारी असाल तर विचारून घ्या, पारीला कधी कधी डुकराची चरबी वापरतात.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी दायसात बसून वालेटाला गेलो. दायसा म्हणजे इथली रंगीत लाकडी होडी, माणशी दोन-तीन युरो घेतात, वारा असेल तर थोडं पाणी उडतं अंगावर पण ती पाच-सात मिनिटं अजिबात चुकवू नका. उतरल्यावर लिफ्ट आहे, थेट वरच्या बराक्का बागेत नेते, त्यामुळे गुडघेवाल्यांची काळजी मिटते. बागेतून अख्खं बंदर दिसतं. दुपारी बारा वाजता खाली तोफ उडवतात, ती वरच्या कठड्यावरून फुकट बघायला मिळते, फक्त पंधरा मिनिटं आधी जागा धरा. (चार वाजता पुन्हा उडते.)

तिथे उभं राहून मी त्यांना सांगितलं की १८७८ साली इंग्रजांना रशियाशी लढाई होईल असं वाटलं तेव्हा मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी शिपाई जहाजातून याच बेटावर आणले होते, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. अण्णा बराच वेळ बंदराकडे बघत राहिले. म्हणाले, त्यात आपल्या बाजूची पोरं असणारच. उन्हाळ्यात आणली का पावसाळ्यात, हेही विचारलं. मला माहीत होतं ते एवढंच की ती वसंतात आली आणि काही महिन्यांत पुढे सायप्रसला गेली.

सेंट जॉन को-कॅथीड्रल बाहेरून अगदी साधं आहे, किल्ल्याच्या भिंतीसारखं. आत पाऊल टाकलं आणि आई "अगं बाई!" म्हणून उभीच राहिली. छत सोन्याने भरलेलं आणि जमीन म्हणजे सगळ्या सरदारांच्या संगमरवरी समाध्या, जवळजवळ चारशे, त्यावर रंगीत दगडांत सांगाडे, ढाली, देवदूत. आईला त्यावरून चालवेना, कडेकडेने चालली. आत काराव्हाज्जोचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं मोठं चित्र आहे, १६०८ सालचं, त्याने सही केलेलं हे एकच चित्र आणि ती सही केलीय जमिनीवर ओघळलेल्या रक्तात. गर्दीत नीट दिसत नाही, पण बाकावर बसून थांबलात की दोन ग्रुपच्या मधे पाच मिनिटं मोकळी मिळतात. खांदे झाकलेले हवेत, आणि टोकदार टाचेच्या चपला चालत नाहीत, खालच्या संगमरवराला खड्डे पडतात म्हणून.

अण्णांसाठी वालेटाची मोठी गोष्ट वेगळीच निघाली. हे शहर १५६६ मध्ये नव्याने वसवायला घेतलं तेव्हा नियमच होता की प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचा हौद खोदायचाच. घर बांधायला लागणारा दगडही बऱ्याचदा तिथूनच निघायचा. मी त्यांना हे एका माहितीफलकावरून वाचून दाखवलं तर म्हणे, "बघ, साडेचारशे वर्षांपूर्वी कळत होतं. आम्ही आत्ता आत्ता परिपत्रकं काढतोय."

परत येताना शहराच्या दरवाज्याजवळ इम्आरेत खाल्ले, खजुराचं सारण भरून तळलेले चौकोन, वरून गरम. आपल्या करंजीचे लांबचे नातलग. सोबत किनी नावाचं कडू संत्र्याचं पेय. ते अण्णांना औषधासारखं लागलं, मला आवडलं.

दिवस तिसरा, रविवार

मार्साश्लॉकचा मासळी बाजार रविवारी असतो आणि लवकर गेलात तरच मजा आहे. आम्ही साडेआठला होतो. धक्क्यावर लुझ्झू नावाच्या निळ्या-पिवळ्या-लाल होड्या आणि प्रत्येकीच्या नाकाशी दोन रंगवलेले डोळे, नजर लागू नये म्हणून. आईला ते सगळ्यात पटलं, आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतातच की. शरद ऋतूत लांपुकी मासा मिळतो, तो तळून खाल्ला, काटे कमी, आम्हा घाटावरच्या माणसांनाही जमतो.

पण खरी गंमत झाली ती भाजीच्या टेबलापाशी. तिथे एक म्हातारबा फड्या निवडुंगाची लालभडक बोंडं विकत होते! अण्णा एकदम दहा वर्षांचे झाले. आटपाडीला लहानपणी गुरं राखताना हीच बोंडं काठीने पाडून, दगडावर घासून कुस काढून खायचे, तोंड लाल करून घरी यायचे आणि मार खायचे, हे आम्ही शंभरदा ऐकलंय पण बोंड कधी बघितलं नव्हतं. त्या बाबांनी सुरीने दोन्ही टोकं उडवली, मधे एक उभी चीर दिली आणि सालाची गुंडाळी उलगडून आतला गर अण्णांच्या हातावर ठेवला. हात कुठे कुसाला लागला नाही. अण्णांनी खाल्लं, बियांसकट, आणि मान हलवली फक्त. मग दुसरं स्वतः सोलायला मागितलं. इकडे त्याला बायतर म्हणतात, शेताच्या तालीवर कुंपणाला लावतात. किलोभर घेतली.

तिथून टॅक्सीने हाजार-ईमला. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी देवळं, इजिप्तच्या पिरॅमिडच्याही आधीची. समुद्राकडे तोंड करून उभ्या अवाढव्य शिळा आणि वर आता ऊन-पावसापासून जपायला पांढरं छत. खाली उतारावर म्नायद्राची देवळं आहेत, तिथपर्यंत चालवत असेल तर जाच, नसेल तर आईसारखं वरच्या बाकावर बसून समुद्र बघा. ब्लू ग्रोटो या समुद्रगुहांत नेणाऱ्या होड्या त्या दिवशी बंद होत्या, वारा फार. सकाळी फोन करून निघायला हवं होतं.

आणखी एक हुकलं ते लिहिते म्हणजे तुमचं हुकणार नाही. हायपोजियम नावाची जमिनीखाली कोरलेली प्राचीन दफनभूमी आहे, एका वेळी फक्त दहा माणसं आत सोडतात. मी दोन आठवडे आधी बघितलं तर सगळं संपलेलं. महिना-दोन महिने आधी तिकीट काढा.

संध्याकाळी वारा का होता ते कळलं. साडेसहाला आभाळ काळंकुट्ट झालं. मालकीणबाई खालून ओरडत आली, "शिता! शिता!" शिता म्हणजे पाऊस. आई म्हणाली आमच्याकडे शितं म्हणजे भाताची, आणि पाऊस पडला तरच ती ताटात, म्हणजे एकच झालं. बाई खराटा घेऊन गच्चीवर निघाली तसे अण्णा मागोमाग. मीही गेले. गच्चीला हलका उतार, एका कोपऱ्यात पाणी जायचं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा घट्ट मारलेला, आणि शेजारी दुसरं भोक गल्लीत जाणारं, ते उघडं. उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची घाण तिने खराट्याने लोटली, अण्णांनी हातातून खराटा घेतला आणि उरलेली त्यांनी लोटली. थेंब टपोरे पडायला लागले, तापलेल्या चुनखडीचा वास सुटला, आपल्या मातीच्या वासाहून वेगळा, जरा खारट. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं पाणी गल्लीत सोडलं. मातकट होतं ते हळूहळू निवळत गेलं, बाईने ओंजळीत घेऊन बघितलं, अण्णांनी पण ओंजळीत घेऊन बघितलं, दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि मग तिने बोळा उपसला. पाणी गरगरत खाली गेलं आणि खालून, चौकातल्या विहिरीतून, मोठ्या पिंपात पडल्यासारखा आवाज आला. अण्णा चिंब भिजले होते. आई खालून हाका मारत होती, "अहो, सर्दी होईल," पण ऐकतंय कोण.

नंतर तिने विहिरीचं झाकण उचलून दाखवलं. विहीर म्हणजे इथे बीर, जिवंत झऱ्याची नाही, खडकात कोरलेला बाटलीच्या आकाराचा हौद, तोंड अरुंद आणि पोट मोठं. तिचे वडील पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यात एक जिवंत वाम सोडायचे म्हणे, अळ्या खायला. अण्णा म्हणाले आम्ही गप्पी मासे सोडतो. मी दोन्हीकडून भाषांतर करत होते, पण त्यांना माझी फारशी गरज नव्हती. ती हे पाणी झाडांना आणि धुण्याला वापरते. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो इथे, आणि नळाला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त समुद्राचं पाणी गोडं करून येतं. नळाचं पाणी पिता येतं पण चव खारट, आम्ही बाटल्या घेत होतो.

दिवस चौथा, सोमवार

बसने मोस्टा आणि मग इम्दीना. बसचा सात दिवसांचा पास आम्हाला माणशी २५ युरोला पडला, तिघांना तो परवडलाच. मात्र बस भरली की स्टॉपवर थांबतच नाही, हात केला तरी नाही. आम्ही उन्हात पाऊण तास काढला. शक्यतो वालेटाच्या मुख्य स्टँडवरून, पहिल्या स्टॉपलाच चढा. चढलो त्या बसचा ड्रायव्हर केरळचा निघाला, आईची साडी बघून नमस्ते म्हणाला आणि पुढची सीट रिकामी करून दिली. बरेच भारतीय आहेत इथे आता, बसवर, हॉस्पिटलांत, हॉटेलांत.

वाटेत अण्णांना खिडकीतून कमानींची रांग दिसली. १६१५ मध्ये पुरा झालेला पाण्याचा दगडी पाट, रबातच्या बाजूच्या झऱ्यांचं पाणी वालेटाला नेणारा. बस थांबवता आली असती तर ते उतरलेच असते.

मोस्टाच्या चर्चला प्रचंड घुमट आहे. ९ एप्रिल १९४२ ला आत अडीचशेच्या वर लोक प्रार्थनेला जमलेले असताना जर्मन बॉम्ब घुमट फोडून खाली पडला आणि फुटला नाही. तसाच एक बॉम्ब आत ठेवलाय. आईने हात जोडले, मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथेच बसली.

इम्दीना ही जुनी राजधानी, तटबंदीच्या आत शांत गाव. दुपारी ग्रुप असतात, चारनंतर खरी शांतता. तटावरच्या केकच्या दुकानांपेक्षा बाहेर रबातमध्ये साधी पास्तित्सी आणि दुधाचा चहा जास्त चांगला, आणि चहा इथे इंग्रजांमुळे दुधाचाच मिळतो.

रात्री कोजागिरी होती. आईने फ्रँकफर्टहून दूध मसाल्याची पुडी आणलेलीच. दूध आटवलं, मालकीणबाईला विचारलं आणि चौघं गच्चीवर. पावसाने हवा धुतलेली, समोर वालेटाचे दिवे आणि वर अख्खा चंद्र. पातेल्यात चंद्र दिसला की मग प्यायचं हे आईने तिला समजावलं. बाई दर वाक्याला "मेला" म्हणायची आणि आई दचकायची, कोण मेला? तर "मेला" म्हणजे त्यांचं "बरं, मग, अर्थात" सगळं. भाषा मूळची अरबी वळणाची, लिपी रोमन, आणि देव म्हणजे "अल्ला" म्हणणारे हे लोक पक्के कॅथलिक. जग म्हणजे दिन्या, पुस्तक म्हणजे क्तीब. दुनिया आणि किताब! दोन शब्द ओळखीचे निघाले तर आईला ती बाई एकदम नात्यातली वाटायला लागली, "ताई" म्हणायला लागली तिला.

दिवस पाचवा आणि सहावा, गोझो

गोझो हे माल्टाचं दुसरं बेट. चिरकेव्वाहून फेरी, पंचवीस मिनिटं. जाताना तिकीटच नाही, येताना घेतात. वालेटाहून थेट वेगवान बोटही आहे, पाऊण तासाची, बसचा त्रास नको असेल तर ती घ्या. गोझोला एक रात्र तरी राहाच, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना तो दिसतच नाही.

जिगांतियाची देवळं हाजार-ईमच्याही आधीची. लोककथा अशी की एका राक्षसिणीने ती बांधली, फक्त घेवड्याच्या जातीच्या बिया आणि मध खाऊन, खांद्याला तान्हं पोर लटकवून. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात तसंच, पण आई म्हणाली ही गोष्ट जास्त खरी वाटते, पोर खांद्यावर घेऊन बाईच काम करते.

श्वेय्नीची मिठागरं मात्र माझी सगळ्यात आवडती जागा. किनाऱ्याच्या पिवळ्या खडकातच चौकोनी उथळ वाफे कोरलेत, शेकडो, आणि लाटेचं पाणी त्यात सुकतं. हंगाम संपत आलेला, कडेला राहिलेलं मीठ नखाने खरवडून अण्णांनी जिभेला लावलं. एक कुटुंब पिशव्या विकत होतं, दोन घेतल्या. वाफ्यांवर चालू नका, कडा ठिसूळ असतात.

द्वेय्राला पूर्वी समुद्रातली दगडी कमान होती, ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. तरी जा. आतल्या तळ्यातून डोंगराच्या भुयारातून होडी थेट उघड्या समुद्रात नेते, पंधरा मिनिटांची फेरी, अंधारातून एकदम निळं. जेवायला फ्तीरा, बटाटे आणि ज्बेय्ना नावाचं शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाचं चीज घातलेला जाड पावाचा प्रकार. एकात दोघं जेवतात.

दिवस सातवा, गुरुवार

कोमिनो या छोट्या बेटावरचं ब्लू लगून आम्ही मुद्दाम सोडलं. आता तिथे आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तरी बसायला सावली कमी आणि उतरायला खडक, आई-वडिलांना घेऊन तिथे हाल होतात असं माझं मत. त्याऐवजी मेल्लीहाजवळची आदीरा बे. लांबच लांब वाळू आणि पाणी कितीतरी आत गेलं तरी कमरेएवढंच.

आई पासष्ट वर्षांची आहे. गणपतीपुळ्याला दोनदा गेली, दोन्ही वेळा पाय भिजवून परत. इथे पंजाबी ड्रेसमध्ये उतरली, माझा हात धरून. पोटापर्यंत गेल्यावर म्हणाली, तू सांगशील तसं करते. मी तिच्या पाठीखाली हात धरला आणि मान मागे टाक म्हटलं. आधी अंग लाकडासारखं कडक. मग कानात पाणी गेलं आणि काय झालं कुणास ठाऊक, खांदे सैल पडले, ओढणी बाजूला तरंगायला लागली आणि मी एक हात काढला, मग दुसरा. मिठाच्या पाण्याने उचलून धरली तिला. डोळे मिटून, गुडघे न दुखता, चांगली मिनिटभर. उठली तेव्हा म्हणाली, "अजून एकदा." अशी अजून सात वेळा.

उतरण्याआधी किनाऱ्यावरचे झेंडे बघा, लाल असेल तर जाऊ नका, आणि जेलीफिश आहेत का ते तिथल्या लोकांना विचारा.

दिवस आठवा

निघताना मालकीणबाईने मिठातल्या केपर्सची बरणी दिली, म्हणजे एका झुडपाच्या कळ्या, बिर्गूच्या तटातच उगवतात त्या. आईने तिला उरलेला दूध मसाला दिला. जिना उतरताना बाई आईचा हात धरून पुढे होती, चौतीसच्या चौतीस पायऱ्या.

विमानतळावर तासभर होता. अण्णांनी आटपाडीला पुतण्याला फोन लावला. मला वाटलं खुशाली सांगतील, तर म्हणे, "आरं, वाड्याच्या मागचा जुना हौद बुजवला न्हाईस न्हवं? मग असं कर, गच्चीचा पाइप कुठं सोडलाय त्याचा फोटो काढ आन् मला आत्ता पाठव."